पाय कुठे, नजर कुठे

चार दिशा आपली मुले तिसरी-चौथीतच पाठ करतात. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहायचे. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण आणि डाव्या हाताला उत्तर. झाला धडा! पुढे स्कॉलरशिपच्या पेपरात प्रश्न येतो, की एक मुलगा उत्तरेकडे ३ किलोमीटर चालला, उजवीकडे वळून ४ किलोमीटर गेला, तर तो घरापासून किती दूर आहे? पोलीस भरती आणि रेल्वे भरतीच्या पुस्तकांतही हाच मुलगा भेटतो, फक्त तेथे तो आणखी दोन-तीन वळणे घेतो. एवढ्यावर बहुतेकांचे दिशाज्ञान संपते. दिशा अंशात मोजता येते आणि त्या मोजण्यावर जमिनीची मोजणी, रस्ते, कालवे, जहाजे, विमाने सारे काही उभे आहे, हे आपल्या मुलामुलींना फार उशिरा कळते. ज्यांना कळते त्यांनाही ते इंग्रजी पुस्तकातून, परीक्षेच्या आठ दिवस आधी!

आम्ही पाच-सहा जण उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत विहाराच्या बाजूच्या खोलीत संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवतो. आमच्यात एक पोस्टमन आहेत, एक अंगणवाडी सेविका आहेत, दोन कॉलेजात शिकणारी मुले आहेत आणि एक काका आहेत, ज्यांनी उमेदीची सारी वर्षे मोजणीच्या कामावर साखळी ओढण्यात घालवली. त्यांना सगळे चेनमन काका म्हणतात. आमच्यापैकी कोणी गणिताचा पदवीधर नाही. दहावीपर्यंतची गणिते आम्ही वाटून घेतो, अडले तर एकमेकांना विचारतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत वस्तीतली एक मुलगी आमच्याकडे आली. सिव्हिलचा डिप्लोमा करते. दहावीला गणितात चांगले मार्क होते, पण सर्व्हेच्या पेपरात ती नापास झाली होती आणि फेरपरीक्षा पुढ्यात होती. वडील गवंडीकाम करतात. आई दोन घरची धुणीभांडी करते. वडिलांचे म्हणणे असे, की एक वर्ष वाया गेले ते पुरे, आता बुटीबोरीच्या कारखान्यात पॅकिंगचे काम मिळते ते धरावे. ते स्वतः वर्गावर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले,

"मी तं तिले म्हटलं, सोडून दे. बेअरिंग का असते मले नाही माहीत का? गाडीच्या चाकात असते. ते कागदावर काहून शिकवतेत?"

सगळे हसलो. हसण्यासारखेच होते, पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. चाकातले बेअरिंग त्यांनी हातात धरलेले होते. कागदावरच्या बेअरिंगचा आणि आपल्या पोटापाण्याचा काय संबंध, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मुलगी खाली मान घालून बसली होती. आम्ही एवढेच म्हणालो, "दादा, पंधरा दिवस द्या."

बेअरिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. तुम्ही जेथे उभे आहात तेथे मनात उत्तरेकडे एक रेघ ओढायची. ज्या वस्तूकडे बघायचे आहे तिच्याकडे दुसरी रेघ ओढायची. उत्तरेच्या रेघेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळत त्या वस्तूपर्यंत किती अंश वळावे लागले, तो आकडा म्हणजे बेअरिंग. पूर्वेचे ०९०, दक्षिणेचे १८०, पश्चिमेचे २७०. आकडा नेहमी तीन अंकी लिहायचा. साठ अंश असेल तर ०६०. पुढचे शून्य मुलांना फालतू वाटते. पण जहाजावर किंवा बिनतारी संदेशात कोणी नुसते "साठ" म्हटले, तर ऐकणाऱ्याला शंका येते, की पुढचा एखादा अंक गळाला तर नाही ना? "शून्य-सहा-शून्य" म्हटले की शंका राहत नाही.

मुलीची अडचण गणितात नव्हती, ती भाषेत होती. तिच्या पुस्तकात प्रश्न असतो, "बेअरिंग ऑफ ए फ्रॉम बी." वाचताना आधी ए दिसतो, म्हणून ती ए या बिंदूवर उत्तरेची रेघ ओढायची आणि कोनमापक तेथेच ठेवायची. सारे उत्तर उलटे यायचे. आपल्या बोलण्यात आधी कुठून ते येते आणि मग कुठे. "टाकीवरून शाळा दिसते," असे आपण म्हणतो. टाकीवर पाय, शाळेकडे नजर. इंग्रजीत हे उलटे लिहितात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही यात घोटाळा होतो असे आमची कॉलेजातली मुले सांगतात, पण मराठी शाळेतून गेलेल्या मुलीला तो जास्त होणार यात नवल काय? चेनमन काकांनी तिला एकच गोष्ट सांगितली, "पोरी, फ्रॉम कुठं लिहिलं ते पाय. तिथं तुझे पाय ठेव. मंग मान वळव." त्या दिवसापासून ती प्रत्येक गणितात फ्रॉमच्या पुढच्या अक्षराखाली पेन्सिलीने दोन लहान पावले काढू लागली. चौदापैकी बारा गणिते बरोबर आली. तिच्या कॉलेजात हे कोणी सांगितले नसेल असे नाही. पण साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर किती पोहोचते, हा प्रश्नच आहे.

दुसरा गुंता असा, की दिशा लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक ही पूर्ण वर्तुळाची. दुसऱ्या रीतीत उत्तर किंवा दक्षिण यांपैकी जी जवळ असेल तिच्यापासून पूर्वेकडे वा पश्चिमेकडे किती अंश ते लिहितात. दक्षिणेपासून पूर्वेकडे ४० अंश म्हणजे १८० मधून ४० वजा, १४०. उत्तरेपासून पश्चिमेकडे ४० अंश म्हणजे ३६० मधून ४० वजा, ३२०. हे पाठ करायला लावले की मुले विसरतात. म्हणून आम्ही त्यांना आपल्या विमानतळाचे उदाहरण दिले. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या धावपट्टीच्या एका टोकाला १४ आणि दुसऱ्या टोकाला ३२ असा आकडा असतो. हे आकडे म्हणजे बेअरिंगच आहेत, शेवटचे शून्य तेवढे काढलेले. १४ च्या टोकाकडून उतरणारे विमान साधारण १४० अंशांकडे, म्हणजे आग्नेयेकडे तोंड करून धावते. उलट बाजूने आले तर ३२० कडे. दोहोंत फरक १८० चा, कारण जायची आणि परतायची दिशा नेहमी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून असतात. जगातल्या जवळजवळ सगळ्या धावपट्ट्यांना असेच आकडे असतात. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी विमानात कोणी बसलेले नाही, पण हे ऐकल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, "मंग मुंबईचं ०९ आणि २७ म्हणजे पूर्व-पश्चिम!" कुठून वाचले होते कोण जाणे, पण बरोबर होते.

चार दिवसांनी चेनमन काकांनी आपले जुने प्रिझमचे होकायंत्र पेटीतून काढले. पितळेची डबी, वर झाकण, एका बाजूला डोळा लावायची फट, समोरच्या बाजूला उभा घोड्याचा केस ताणलेला. केसाच्या रेषेत दूरची खूण धरायची आणि त्याच वेळी प्रिझममधून खालच्या चकतीवरचा आकडा वाचायचा. सगळी मुले विहाराच्या मागच्या मैदानात जमली. दोन खुंट्या ठोकल्या, क आणि ख. मुलीने क वर उभे राहून ख चे बेअरिंग घेतले, ते ०६० आले. मग ख वर जाऊन क चे घेतले. यायला हवे २४०. आले २५२. तिने पुन्हा घेतले. पुन्हा २५२. तिचा चेहरा उतरला. कॉलेजच्या प्रॅक्टिकललाही असेच झाले होते आणि तेथे तिने आकडा खोडून मैत्रिणीच्या वहीतला लिहिला होता, असे तिने तेव्हा सांगितले.

काका म्हणाले, "आकडा खोडू नको. तो खरंच बोलून राहिला. आजूबाजूला पाय."

ख ची खुंटी एका पत्र्याच्या घराच्या कुडाला लागून होती. पत्रा लोखंडी, वर त्याला टेकवून ठेवलेल्या सळया. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकत्वाने उत्तरेकडे वळते, पण जवळ लोखंड असले की ते तिला आपल्याकडे ओढते. खिशातली किल्ली, हातातले लोखंडी कडे, मोबाईल फोन, हातपंप, विजेची वाहती तार, सगळे थोडेफार ओढतात. म्हणूनच मोजणीत जाताना एकदा आणि उलट बघून एकदा असे दोनदा वाचन घेतात. फरक बरोबर १८० भरला तर दोन्ही जागा लोखंडापासून मोकळ्या आहेत असे धरतात. भरला नाही तर कुठेतरी ओढ आहे. खुंटी पंचवीस पावले मोकळ्यात नेली. तेथून दोन्ही वाचने घेतली आणि फरक १८० ला जुळला. आमच्या वस्तीत निम्मी घरे पत्र्याची आहेत. अशा घरात बसून मुलगा होकायंत्र बघेल तर त्याला उत्तर कधीच सापडणार नाही, आणि तो म्हणेल मला दिशा कळत नाहीत. म्हणून वाचकांना सांगतो, होकायंत्र हाताळायचे असेल तर मुलांना मैदानात न्या.

सूर्याच्या बाबतीतही शाळेतला धडा अर्धाच आहे. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. नागपुरात जूनच्या अखेरीकडे तो ०६५ च्या आसपास उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीकडे ११५ च्या आसपास. म्हणजे उगवत्या सूर्याकडे तोंड करून "ही पूर्व" म्हणणारा माणूस तेव्हा २५ अंशांनी चुकलेला असतो! खरी उत्तर शोधायची तर सपाट जागी एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. सकाळी सावलीच्या टोकावर खूण करावी, काठीभोवती तेवढ्याच लांबीचे वर्तुळ आखावे आणि दुपारनंतर सावली पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या मधोमध काठीपासून जाणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. मात्र भरदुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते असे समजू नये. आपल्या नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. रात्री ध्रुवतारा सोपा. तो खऱ्या उत्तरेपासून एक अंशही दूर नसतो. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत मात्र फरक असतो. आपल्या भागात तो अगदी थोडा, पण जगात काही ठिकाणी तो वीस-वीस अंशांचाही आहे.

(दाराची दिशा कोणती, स्वयंपाकघर कोणत्या कोपऱ्यात, यावर हजारो रुपये खर्च करणारी माणसे आपण पाहतो. त्यांच्यापैकी किती जणांनी ही काठी रोवून पाहिली असेल?)

एक अंशाने काय बिघडते, असे मुले विचारतात. एक अंश चुकला तर एका किलोमीटरवर सुमारे साडेसतरा मीटर बाजूला जायला होते. शेताच्या बांधावर साडेसतरा मीटर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात जमिनीचा तंटा आहे त्यांना सांगायला नको. चेनमन काकांचे आजोबा वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी कोतवाल होते. गावच्या शिवेचा वाद निघाला की त्यांना बोलावले जाई. शीव कुठून कुठे जाते, कोणत्या नाल्याला वळते, कोणता दगड कोणी हलवला, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत अशी माणसे होऊन गेली. आलेल्या साहेबाला वाट दाखवायची, पुढे चालत शीव दाखवायची हे काम आपल्याकडे, आणि ती कागदावर लिहिणारा हात दुसऱ्याचा! आपली वस्ती मात्र गावाच्या पूर्वेला, कारण वारा पश्चिमेचा, असे जुनी मंडळी सांगत. दिशांचा उपयोग असाही होत असे.

हिंगणघाट आपल्यापासून फार लांब नाही, पण तेथे कोण पुरले आहे हे थोड्यांनाच माहीत असते. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेघ अत्यंत काळजीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. त्यात युक्ती अशी, की त्रिकोणाची एक बाजू मोजली आणि दोन टोकांचे कोन घेतले, तर बाकीच्या दोन बाजू गणिताने मिळतात. तिथपर्यंत साखळी ओढत जावे लागत नाही. मिळालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. त्यांचे कोन मोजायचे यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते आणि ते माणसांनी उचलून डोंगरावर, देवळांच्या शिखरांवर चढवले. १८२३ सालच्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे येत असताना लॅम्बटन हिंगणघाटला वारले. काम पुढे हिमालयापर्यंत गेले. नागपूरच्या झीरो माईलजवळचा १९०७ चा दगड त्याच मोजणीचा. लॅम्बटनचे नाव पुस्तकात आहे. ते यंत्र वाहणारे, निशाण धरून उन्हात उभे राहणारे खलाशी कोण होते, ते कुठे लिहिलेले नाही.

समुद्रावरही हेच त्रिकोण कामाला येतात. मुंबईच्या बंदराकडे येणाऱ्या जहाजावरून प्रॉंग्सचे दीपगृह दिसते आणि खांदेरीचे दिसते. दोन्हींचे बेअरिंग घ्यायचे, नकाशावर त्या दीपगृहांपासून उलट दिशेने, म्हणजे १८० मिळवून किंवा वजा करून, रेघा ओढायच्या. जेथे त्या छेदतात तेथे आपले जहाज. तिसऱ्या खुणेची रेघ त्याच बिंदूतून गेली तर ठीक. नाही तर तीन रेघांचा एक लहानसा त्रिकोण होतो, आणि तो मोठा असला की समजावे वाचनात काही तरी गडबड आहे. आता उपग्रहावरून जागा कळते, तरीही ही रीत खलाशांना शिकवतात. आपल्याकडे जमिनीची मोजणीही रोव्हर यंत्राने होऊ लागली आहे. यंत्र आकडा देते. तो आकडा शक्य आहे की नाही हे बघणारे डोके तेथे उभ्या असलेल्या माणसाचे लागते.

आता त्या मुलीकडे येतो. दहाव्या दिवशी तिचे वडील कामावरून परतताना मैदानात आले. आम्ही मुलीला असे गणित दिले होते: क पासून ०६० ला ४० पावले जा, तेथे ख, ख पासून १५० ला ३० पावले जा, तेथे ग, आता ग वरून सरळ क ला यायचे तर कोणत्या दिशेने आणि किती पावले? वडील थोडा वेळ बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, "१५० मधून ६० गेले, ९० राहिले. म्हणजे काटकोन झाला ना? मंग पन्नास पावलं. तीन, चार, पाच. हे तं आम्ही पाया आखताना रोज करतो, दोरीनं."

मुलगी बघतच राहिली. तिने पायथागोरसने काढले होते, तेही पन्नास. दिशेसाठी मात्र वडिलांची दोरी पुरणार नव्हती. ३० भागिले ४० चा जो कोन येतो तो सुमारे ३७ अंश. ६० मध्ये मिळवून क वरून ग चे बेअरिंग ०९७. परतीसाठी त्यात १८० मिळवून २७७. हे तिने वडिलांना जमिनीवर काडीने काढून दाखवले. मग होकायंत्रावर २७७ धरून, पावले मोजत ती निघाली. पन्नासाव्या पावलाला खुंटीपासून दोन पावले बाजूला थांबली. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला पितळी ओळंबा मुलीच्या हाती पाठवून दिला, होकायंत्राच्या तिपाईखाली लटकवायला, कारण आमचा दगड बांधलेला दोरा वाऱ्याने हलत होता.

फेरपरीक्षेत ती पास झाली. मार्क फार नव्हते. ॲप्लाइड मेकॅनिक्स अजून राहिला आहे आणि बुटीबोरीचा विषय घरात पूर्णपणे मिटलेला नाही, असे तिची आई सांगते. रविवारी मात्र ती वर्गावर येते आणि आठवी-नववीच्या मुलांना होकायंत्र धरायला शिकवते. तिला बघून आणखी दोन मुलींनी आयटीआयच्या सर्व्हेयर ट्रेडची माहिती विचारली आहे. ज्या वाचकांच्या घरी जुने होकायंत्र, कोनमापक, मोजणीची टेप पडून असेल त्यांनी ते जवळच्या अभ्यासिकेला द्यावे. नसेल तर पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर दर दहा अंशांना रेघ मारली, मधे टाचणी लावली आणि सावलीवरून उत्तर साधली, तरी निम्मे काम होते.

पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन झीरो माईलला जायचे ठरले आहे. झीरो माईलवरून आपल्या विहाराचे बेअरिंग किती, ते शहराच्या नकाशावरून मोजून आणा, असे त्यांना सांगितले होते. पहिल्या तिघांची उत्तरे आली आहेत. एकाचे ०१२, दुसरीचे ०१४ आणि तिसऱ्याचे १९३. तिसऱ्याने पाय कुठे ठेवले होते, ते वाचकांनी आपल्या मुलांना विचारावे.